घुमट हवा की नको, यापलीकडचं काही

कॉलेजची नवी इमारत होणार म्हटलं की सगळ्यांत आधी येतं ते चित्र. परवानगी नाही, पैसे जमलेले नाहीत, जागेची मोजणीही झालेली नाही. पण आर्किटेक्टच्या ऑफिसातून थ्री-डी व्ह्यू मात्र तयार होऊन येतो. निळंभोर आकाश, पुढे हिरवळ, हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली चार मुलं. लोणावळ्याच्या जून ते सप्टेंबरच्या आकाशाशी त्या निळ्या रंगाचा काडीचा संबंध नसतो. तरी चित्र मोबाइलवरून फिरतं आणि लोक बोलायला लागतात.

आमच्या भागातल्या एका ट्रस्टने ज्युनिअर कॉलेज आणि अभ्यासिकेसाठी असंच एक चित्र करून आणलं होतं. ट्रस्टचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अशा ट्रस्टी आणि अशी चित्रं तुमच्याही गावात असतील. तीन मजले, पुढे पाच कमानी, मधल्या कमानीवर एक छोटासा घुमट. दोन दिवसांत बाहेरून पहिली प्रतिक्रिया आली, "हे कॉलेज आहे की मशीद?" आपल्या माणसांत त्यावर दोन तट पडले. बुजुर्ग म्हणाले, घुमट काढून टाका, उगाच नजरेत येईल, कागद अडकतील. तरुण म्हणाले, उलट मोठा करा, आपण का लपायचं? बैठक झाली ती जवळजवळ सगळी त्या घुमटावर. मुलींच्या स्वच्छतागृहांचा विषय निघाला तेव्हा चहा आला होता.

मला या दोन्ही तटांशी भांडायचं आहे. पण आधी एक सांगते, भिणाऱ्या बुजुर्गांना मी हसणार नाही. लोहगडावरच्या दर्ग्यावरून गेल्या काही वर्षांत वातावरण कसं तापवलं गेलं, ते मावळातल्या प्रत्येक मुस्लिम घराला ठाऊक आहे. आणि घुमट हा नुसता बांधकामाचा प्रश्न राहिलेला नाही, हे मैसूरने २०२२मध्ये दाखवून दिलं. तिथे एका बसथांब्यावर घुमट बसवले होते, मधे मोठा आणि दोन बाजूंना दोन लहान. खासदार प्रताप सिम्हा यांनी तो मशिदीसारखा दिसतो म्हणून जेसीबी लावून पाडण्याची भाषा केली. थांबा बांधून घेणारे आमदार त्यांच्याच पक्षाचे. त्यांचं म्हणणं, रचना मैसूरच्या राजवाड्यावरून घेतली आहे. शेवटी बाजूचे दोन लहान घुमट काढले गेले. थांबा मुसलमानांनी बांधला नव्हता, मुसलमानांसाठीही बांधला नव्हता. शहरातला सगळ्यांत मोठा घुमटवाला वाडा तर तिथल्या हिंदू राजघराण्याचा, १९१२मध्ये पूर्ण झालेला, हेन्री आयर्विन या ब्रिटिश आर्किटेक्टने काढलेला. दसऱ्याला त्याच घुमटांवर हजारो दिवे लागतात आणि लाखो लोक ते बघायला जातात. म्हणजे आक्षेप आकाराला नव्हताच. आकाराच्या आडून कुणाला तरी 'तू इथला नाहीस' म्हणायचं होतं.

आता आकाराचंच बघू. मराठी घराच्या भाषेतून काही शब्द वेचून बाजूला काढले तर घर उभं राहणार नाही. कमान फारसीतली. दरवाजा फारसीतला. इमारत अरबीतून आलेली. हौद, फरशी, मनोरा, बुरूज, दिवाणखाना, सगळे त्याच वाटेने आलेले. घुमट म्हणजे गुंबद. आणि गणपतीच्या मखराला जी महिरप लावतात, ती महिरप म्हणजे आपला मिहराब. मशिदीत किब्ल्याच्या भिंतीत असतो तो. मराठीने तो शब्द उचलला, जिभेवर घोळवला आणि गौरी-गणपतीच्या आरासीत बसवून टाकला. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या मुख्य दरवाज्याचं नाव दिल्ली दरवाजा. पेशव्यांना कमान परकी वाटली नाही, ती आज कॉलेजच्या चित्रात परकी वाटते.

इथे आपल्या तरुणांसाठीही एक गोष्ट सांगायची आहे, जी त्यांना कदाचित आवडणार नाही. 'मुस्लिम संस्थेची इमारत अशी दिसते' हे जे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे, ते बरंचसं इंग्रज इंजिनिअरांनी बसवलेलं आहे. मुंबईत व्हीटी स्टेशनसमोर अंजुमन-इ-इस्लामची देखणी इमारत आहे. बद्रुद्दीन तय्यबजींसारख्या लोकांनी १८७४मध्ये सुरू केलेली संस्था. इमारत खुली झाली १८९३मध्ये. आराखडा जेम्स विलकॉक्स या साहेबाचा. त्या काळात सरकारी इंजिनिअर लोक मुघल कमानी, गुजराती जाळ्या, राजपूत छत्र्या असं सगळं एका पातेल्यात घालून 'इंडो-सारासेनिक' नावाची शैली शिजवत होते आणि जो मागेल त्याला वाढत होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा न्यू पॅलेस चार्ल्स मँटने केला. मुंबईतल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसाठी जॉर्ज विटेटने विजापूरच्या गोल घुमटावरून घुमट घेतला. आज त्या म्युझियमचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे आणि घुमट जागच्या जागी आहे. दोन्ही एकत्र नांदतात, कुणाची काही तक्रार नाही. घुमट मोठा करून आपण आपली ओळख सांगतो आहोत असं वाटणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. आपण कदाचित विटेटसाहेबाचा कॅटलॉग उघडून बसलो आहोत.

तरीही कमानीचं मोल मी नाकारत नाही. मोहल्ल्यातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दारात ओळखीचं काही दिसलं, तर तिचं पाऊल हलकं पडतं. दगडालाही भाषा असते. प्रश्न एवढाच की ती भाषा बोलून आत काय चालतं.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण हैदराबादला आहे आणि ते आपल्या मराठवाड्याच्या इतिहासाला चिकटलेलं आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८चं. उर्दूतून उच्च शिक्षण देणारं पहिलं विद्यापीठ. सुरुवातीला ते भाड्याच्या इमारतींतून चाललं. पुढे कायमचा कॅम्पस करायचं ठरलं तेव्हा सरकारने झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोन आर्किटेक्टांना परदेशी धाडलं. जगभरची विद्यापीठं बघून या, म्हणून. युरोप, अमेरिका, जपान, इजिप्त असा त्यांचा दौरा झाला. कैरोजवळ हेलिओपोलिस उभारण्यात काम केलेला बेल्जियन आर्किटेक्ट अर्नेस्ट जास्पर त्यांनी गाठला. आर्ट्स कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी १९३४मध्ये झाली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी तिचं उद्घाटन केलं.

ती इमारत एकदा तरी जाऊन बघा. गुलाबी छटेचा तिथलाच ग्रॅनाइट, पुढे छाती दडपून टाकणारी उंच टोकदार कमान, आणि खांब मात्र अजिंठा-वेरूळच्या वळणाचे. म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या लेण्यांचे. उद्घाटनाच्या भाषणात निजामाने हेच सांगितलं की या वास्तूत हिंदू आणि मुस्लिम शैलींचा मेळ आहे आणि तो प्रजेतल्या जुन्या सलोख्याचं प्रतीक आहे. वाचायला छान वाटतं. इमारतीकडे बघितलं तर पटतंही.

पण तारीख बघा. १९३९चा डिसेंबर. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, १९३८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांच्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. मोठ्या संख्येने त्यांना काढून टाकलं गेलं. नागपूर विद्यापीठाने दार उघडलं म्हणून त्यांतल्या अनेकांचं शिक्षण वाचलं. त्या गीताबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, आणि आपल्यात त्याबद्दल निरनिराळी मतं आहेत, पण विद्यार्थ्याने वसतिगृहात काय गावं यावरून त्याचं शिक्षण तोडणं हे कुठल्याही विद्यापीठाला शोभणारं नव्हतं. खांब वेरूळचे लावले आणि वेरूळच्या मुलखातली पोरं बाहेर काढली. शिवाय त्या पोरांची मातृभाषा मराठी. विद्यापीठाची भाषा उर्दू. मातृभाषेतून शिक्षण हवं या विचारातून उस्मानिया निघालं खरं, पण निजामाच्या राज्यात बहुसंख्यांची मातृभाषा मराठी, तेलुगू आणि कन्नड होती. खांबांना जे स्थान मिळालं ते या भाषांना मिळालं नाही.

हे मी मुद्दाम आपल्या मासिकात लिहिते आहे. कारण आपल्याकडे उस्मानियाची इमारत दाखवून 'बघा, आपण किती मिळूनमिसळून होतो' असं सांगायची सवय आहे. आणि समोरच्या बाजूला तीच इमारत दाखवून 'बघा, निजामी' असं म्हणायची. दोन्ही बाजू इमारतीकडे बोट दाखवतात. मेळ खरा होता, दगड घडवणाऱ्यांच्या हातांत तो होता. अन्यायही खरा होता, रजिस्ट्रारच्या वहीत. एकाने दुसरा पुसला जात नाही.

आणि पुढची गंमत अशी की इमारतीचा अर्थ निजामाच्या भाषणाशी थांबला नाही. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर उर्दू माध्यम गेलं, इंग्रजी आलं. २००९ ते २०१४ या काळात वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनात विद्यार्थ्यांच्या सभा भरल्या त्या याच आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांवर. त्या पायऱ्यांवर बसलेल्या तेलुगू पोरांना टोकदार कमान परकी वाटली नाही. त्यांनी ती वापरली आणि वापरून आपली केली.

मुंबई विद्यापीठाचंही जरा बघू, म्हणजे सगळं निजामावरच गेलं असं वाटायला नको. फोर्टमधलं विद्यापीठाचं सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढला. लंडनमध्ये बसून. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. पैसे प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याचे, टॉवरला नाव त्यांच्या आईचं. १८७८मध्ये टॉवर पूर्ण झाला. वर बघितलं तर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे दिसतात, आपापल्या पोशाखात. ते पुतळे मुकुंद रामचंद्र या आपल्याकडच्याच इंजिनिअरने घडवले. मला हे पुतळे बघितले की एकच विचार येतो. त्या काळात यातल्या किती जातींची माणसं खालच्या दारातून आत जाऊ शकत होती? भिंतीवर सगळ्यांना जागा मिळाली होती. वर्गात जागा मिळायला फुले, शाहू, आंबेडकरांचं अख्खं शतक लागलं. आपल्या समाजातल्या मुलींच्या बाबतीत ते शतक अजून संपलेलं नाही.

आता मावळात या. इथे कॉलेज म्हणजे काय हे आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. कार्ले, भाजे, बेडसे. मधे मोठं चैत्य आणि बाजूला विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्या-शिकण्याच्या खोल्या. वसतिगृहासह कॅम्पसच म्हणा. कार्ल्याच्या चैत्यात वर बघा. दगडाच्या छताला लाकडाच्या फासळ्या लावलेल्या आहेत, त्यांची गरज नसताना. छत तोलायला दगड पुरेसा होता. पण आधीच्या इमारती लाकडाच्या असायच्या, लोकांच्या डोळ्यांना ती सवय होती, म्हणून दगडातही लाकूड आलं. सवयीचा आकार सोडवत नाही, हे काही आपल्याच ट्रस्टींचं दुखणं नाही.

त्याहून मोलाचं आहे ते खांबांवर आणि भिंतींवर कोरलेलं. पैसे कुणी दिले त्यांची नावं आहेत तिथे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीकडचा, सावकार भूतपाल आहे. हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आहे असं त्याने कोरून घेतलंय, देणगीदारांचा स्वभाव तेव्हाही हाच. धेनुकाकट गावचे यवन आहेत. एकेक खांब त्यांनी दिला. अत्तराचा धंदा करणारा गंधी आहे. दरवाज्याचं काम करणारा सुतार आहे, त्याचंही नाव आहे. एक भिक्षुणी आहे. परदेशी, परप्रांतीय, कारागीर, बाई, सगळ्यांची वर्गणी चालली आणि सगळ्यांची नावं राहिली. पुढे दारात एकवीरा आई आली. आगरी-कोळी लोक पालख्या घेऊन येतात. बौद्ध येतात. आम्ही शाळेच्या सहलीला जायचो, डबे घेऊन. मावळातली सगळ्यांत जुनी शिकण्याची जागा ही अशी आहे. 'इथलं' आणि 'बाहेरचं' यांची वाटणी कुणाला करायची असेल तर त्याने आधी कार्ल्याच्या खांबांवरून सुरुवात करावी.

डोंगर ओलांडून मुळशीत गेलात तर पौडजवळ खुबवली गावाच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. १९९७मध्ये सुरू झालं. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर, जन्माने अमेरिकन, पुण्यात स्थायिक झालेले, २०२४मध्ये वारले. त्यांनी सह्याद्रीचा काळा दगड घेतला, जाड भिंती उभ्या केल्या, गडाच्या दरवाज्यासारखं महाद्वार ठेवलं आणि मधे अंगणं सोडली. जगभरातली मुलं तिथे शिकतात. पुणे विद्यापीठाच्या आवारात चार्ल्स कोरियांनी आयुकाची इमारत केली ती अशीच काळ्या दगडाची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. बेनिंजर अमेरिकेतून आलेले, कोरिया गोव्याच्या ख्रिस्ती घरातले. 'आमच्या दगडाला हात लावायचा यांना काय हक्क' असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. चांगली इमारत झाली की लोक निमूटपणे स्वीकारतात. अर्थात त्या दोन्ही संस्थांच्या पाठीशी मोठं नाव आणि मोठा पैसा होता, हेही खरं. वर्गणीवर चालणाऱ्या ट्रस्टला तेवढी उदारता मिळत नाही.

तरीसुद्धा या दोन्ही इमारतींनी एक प्रश्न आधी सोडवला, जो आपल्या बैठकीत कुणी काढला नाही. पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. इथली जुनी घरं बघा, उतरतं छप्पर, भिंतीच्या बरीच बाहेर आलेली वळचण, पुढे पडवी. पावसाळ्याआधी लोक झडीच्या बाजूला पत्रे किंवा प्लास्टिक बांधतात. आणि आपल्या त्या थ्री-डी चित्रात काय होतं? सपाट स्लॅब, त्यावर घुमट, पुढे उघड्या कमानी आणि कमानींच्या मागे वाचनालय. दक्षिण-पश्चिमेला तोंड करून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या वाचनालयातल्या पुस्तकांचं काय होईल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. घुमटावर आक्षेप घ्यायचाच तर हा घ्या की सपाट स्लॅब आणि घुमट जिथे जुळतात तिथे पाणी मुरतं आणि दर दोन वर्षांनी वॉटरप्रूफिंगला पैसे लागतात. आणि घुमट हवाच असेल तर त्या खर्चाची तरतूद दाखवा. मग तो हिंदू दिसतो की मुस्लिम याची चर्चा आपोआप थंडावेल.

हायवेला लागून नव्या काचेच्या कॉलेजांना मात्र कुणी काही विचारत नाही, याची मला गंमत वाटते. दुबईच्या बँकेसारखा दिसणारा काचेचा डबा मावळच्या भातखाचरात आणून ठेवला तर तो कुणाला परका वाटत नाही. एप्रिलमध्ये आतली पोरं भाजून निघतात, एसीचं बिल फीमधून वसूल होतं. काचेला धर्म नसतो म्हणून तिला माफी, असं काही आहे का?

२०२० साली अहमदाबादच्या आयआयएमने लुई कान यांनी आखलेली जुनी वसतिगृहं पाडायचं ठरवलं तेव्हा जगभरातून पत्रं आली, सह्या झाल्या, आणि संस्थेला माघार घ्यावी लागली. दोन वर्षांनी मात्र संस्थेने ते आश्वासन मागे घेतलं. इतक्या मोठ्या गदारोळात मला एक गोष्ट खटकली. वारसा वाचवा म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता आणि इमारत पडायला आली आहे म्हणणाऱ्या प्रशासनाचाही. त्या खोल्यांत झोपणाऱ्यांचा, छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवणाऱ्यांचा आवाज कमी ऐकू आला. इमारतीबद्दल बोलायचा पहिला हक्क तिच्यात दिवस काढणाऱ्याचा. आपल्या ट्रस्टच्या बैठकीत सतरा माणसं होती, त्यांत अकरावी-बारावीचं एकही मूल नव्हतं. बायका दोन होत्या.

म्हणून तरुणांना माझं म्हणणं असं, की चित्रावर प्रतिक्रिया देणं सोडा आणि नकाशा मागा. प्लॅन, सेक्शन, सगळं. वाचता येत नसेल तर मोहल्ल्यात पॉलिटेक्निक केलेलं कुणीतरी असतंच, त्याला बसवून समजून घ्या. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी वाचनालयात कशी जाणार हे बघा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४४नुसार सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतीचा आराखडा मंजूर करता येत नाही, तेव्हा हा उपकाराचा नाही, परवानगीचा प्रश्न आहे. प्रत्येक मजल्यावर मुलींचं स्वच्छतागृह आहे का, त्याचं दार जिन्यासमोर उघडतं का आडोशाला? अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळी कामशेत-वडगावला परतायला लोकल आहे का? नमाजसाठी जागा ठेवणार असाल तर मुलींसाठीही ठेवणार का, आणि ज्यांना नमाज पढायची नाही किंवा जे मुसलमान नाहीत त्यांना त्या वेळी निवांत बसायला कुठे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जी संस्था नीट देईल, तिच्या कॉलेजात शेजारच्या आळीतली पोरंही येतील. शेजारची पोरं रोज त्या दारातून आत-बाहेर करू लागली की 'हे कॉलेज आहे की मशीद' हा प्रश्न विचारायला कोण उरणार?

प्रतिक्रिया द्यायचीच असेल तर जिथे तिला वजन आहे तिथे द्या. लोणावळ्यात आणि तळेगावात नगरपरिषद आहे, मावळातल्या बहुतेक गावांत पीएमआरडीए. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६च्या नगररचना कायद्यानुसार सामान्य नागरिकाला ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत-सूचना देता येते. पीएमआरडीएने २०२१मध्ये मसुदा जाहीर केला तेव्हा हजारोंनी हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. त्यात शेतकरी होते, बिल्डर होते, सोसायट्या होत्या. शाळेसाठी, कब्रस्तानासाठी, वाचनालयासाठी आपल्या मोहल्ल्यातून किती हरकती गेल्या, हे ज्याने त्याने आपापल्या जमातीत विचारावं. कार्ले-भाज्यांच्या आसपास जमीन असेल तर आणखी एक बघा. संरक्षित लेण्यांपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढचे दोनशे मीटर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचे. हे न बघता जागा घेतली तर कागद खरोखर अडकतील, आणि त्याचा दोष घुमटाला देता येणार नाही.

त्या ट्रस्टच्या चित्रात घुमट राहील की जाईल, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फारशी पर्वा नाही. कमानी राहाव्यात असं मला वाटतं, मला त्या आवडतात म्हणून. पण त्या दीड मीटर आत घ्याव्यात, वर उतरतं छप्पर यावं, आणि वाचनालय झडीच्या बाजूकडून उचलून मागच्या अंगाला न्यावं. तिथून ड्यूक्स नोजचं टोक दिसतं आणि पुस्तकंही कोरडी राहतात.